अन्सूवैनी, भोपळा तुम्हीच फोडला

अन्सूवैनी,

काल तुमचं तेरावं झालं. भात जरा गिच्च झाला होता आणि आमटीत मीठ कमी होतं. तुम्ही असता तर तोंडावर बोलला असता, म्हणून तुमच्या वतीनं मीच बोललो. रांधणाऱ्या बायका रागावल्या. रागावू देत. पहिल्या लढाईत मी बसऱ्याला अख्ख्या पलटणीच्या लंगरात डाव फिरवलाय. तिथली नदी आटली ती आमच्या आमटीला पाणी काढून काढून आटली, हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलं असेल, आणि दर वेळी तुम्ही विचारलंत, "मंग मीठ कुटल्या दर्याचं घातलंसा, भावजी?"

आता हे विचारणारं कुणी नाही. म्हणून गप्प बसायचं का? मी गप्प बसणाऱ्यातला नाही आणि तुम्ही तर नव्हताच.

वाचनालयाचे मास्तर आले होते. म्हणाले, नाना, हस्तलिखिताच्या या अंकात अन्सूबाईंवर चार ओळी द्या. जन्म, लग्न, मूल, स्वभाव मायाळू. मी म्हटलं, मायाळू? ज्या बाईनं पोलीस हवालदाराला दगड बांधायला काढला होता, ती मायाळू? आणि चार ओळींत ती मावायची कशी? तिला जेवढी जागा दिली तेवढीत ती कधी मावली नाही. बरं, म्हणाले, हवं तेवढं लिहा, फक्त थापा नकोत. मी म्हटलं, भोपळ्याच्या मापापुरती सूट द्या. बरीच घासाघीस झाली. शेवटी दिली.

मी हे तोंडानं सांगत नाही, लिहितोय, त्याला कारण आहे. मी तोंडानं सांगितलं की गल्ली म्हणते, नानानं थाप सोडली. तेच शाईनं लिहिलं की वाचनालयाच्या बाकावर बसून माना डोलावते. तेव्हा गल्लीकरांनो, तुम्हीही वाचा. पण मी बोलतोय वैनींशी. मधे तोंड घालायचं नाही.

वैनी, तुमचा नवरा, आमचा दादा, माझा पलटणीतला जोडीदार, गेला तेव्हा मारुती दुपट्यात होता. तुमच्या थोरल्या दिरांनी, आबांनी, उसाचं सगळं रान आपल्याकडं ठेवलं. बाईमाणसाला मोट झेपायची नाही, असं सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांना ते पटलं, कारण ऊस आबांचा होता आणि गूळ खायला सगळे जात होते. तुम्हाला राहायला एक खोली दिली आणि परडं म्हणून आबांच्या भिंतीला लागून एक मातीची पट्टी. तिथं खाट टाकली असती तर कूस बदलायला आबांची परवानगी काढावी लागली असती. मी एकदा तिथं शिंकलो तर नाक भिंतीला आपटलं. अजून वाकडं आहे.

दुसरी कुणी असती तर एक तुळस लावून डोळे पुसत बसली असती. मी आलो तेव्हा तुम्ही त्या पट्टीत उभ्या होता आणि खाली बघतच नव्हता. भिंतीकडं बघत होता, भिंतीवरून छपराकडं, छपरावरून आणखी वर. मी विचारलं, काय बघताय? तुम्ही म्हणालात, "केवडी जागा हाय बगा की, भावजी." मला वाटलं, दुःखानं वैनींचं डोकं फिरलं. मी घरी जाऊन बायकोला तसं सांगितलंही.

मग तुम्ही रॉकेलचे रिकामे डबे गोळा करायला लागलात. बुडाला भोकं पाडून मेखांवर एकाखाली एक टांगलेत. तांदळाचं धुवण, भांड्यांचं पाणी वरच्या डब्यात ओतायचं. ते झिरपत झिरपत खालच्यांना मिळायचं. वर कोथिंबीर, मधे मेथी, आणि तळाला सगळ्यांचं उष्टं पाणी पिऊन माजलेलं अळू. कोपऱ्यात वेळूचा खांब, त्याच्या डोक्यावर मोडक्या गाडीचं चाक आडवं ठेवलेलं, चाकापासून खाली सोडलेल्या सुतळ्या आणि सुतळी सुतळीवर घेवडा. कारल्याला खिडकीचे गज दिलेत, दोडक्याला भिंत दिलीत, पडवळाला मांडव आणि भोपळ्याला छप्पर. सुतळीनं कोवळा देठ कापतो म्हणून वेल बांधायला तुम्ही दादाच्या पलटणीतल्या पायपट्ट्या फाडल्यात, ती लोकरी मऊ कापडं. दादा हयात असताना परड्याकडं कधी फिरकला नव्हता. गेल्यावर मात्र एकेका वेलाला धरून उभा राहिला.

पडवळाचं तर बोलायलाच नको. एक पडवळ वाढत वाढत शेजारच्या आडात उतरलं आणि आम्ही त्यालाच घागर बांधून पाणी शेंदलं. मास्तर, लेखणी खाली ठेवा. ही थाप नाही, हे माप आहे.

भोपळ्याचं ओझं छपराला पेलणार नाही म्हणून तुम्ही दुधादह्याची शिंकी भोपळ्यांना बांधलीत. भोपळा पोसेल तसं शिंकं सैल करायचं. गल्लीतनं जाणारा प्रत्येक जण मान वर करून हसायचा. अन्सूनं भोपळा पाळण्यात घातला, म्हणायचे. तुम्ही खालनं उत्तर द्यायचात, "तुमच्या पोरांपरास बरा. रडत न्हाई." आणि सकाळी ऊन चढायच्या आत नर फूल खुडून मादी फुलावर टेकवायचा तुमचा तो सोहळा! मी भिंतीपलीकडून मंगलाष्टका म्हणायचो. मी सावधान म्हटल्याशिवाय तुम्ही फूल टेकवत नव्हता. एकदा मी म्हसवडला गेलो होतो, तेव्हा फुलं बिनलग्नाची राहिली आणि त्या खेपेला भोपळाच धरला नाही, असं तुम्ही मला सांगितलंत. हे खरं की तुम्ही माझ्यावर केलेली कडी, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. थापा मारण्यात तुम्ही माझ्या वरचढ होता, फक्त कधी मारत नव्हता.

वेल आबांच्या भिंतीवर चढला तेव्हा आबा काठी घेऊन आले. भिंत माझी, भिंतीवरचं सगळं माझं, असं त्यांचं म्हणणं. थोरल्या दिरासमोर उभं राहायचं तसं तुम्ही डोक्यावरून पदर घेऊन, मान खाली घालून उभ्या होता. आवाज मात्र खाली नव्हता. म्हणालात, "रान वाटलंसा, घर वाटलंसा. वरलं आबाळ वाटायचं ऱ्हायलं, आबा. तेवडं माज्याकडं ऱ्हाऊ द्या."

 आबांनी वेलाचा शेंडाच मोडला आणि फेकून दिला. वैनी, ज्या माणसाकडं एवढा ऊस होता, त्याला वेलातलं इतकंसं कळू नये? शेंडा खुडला की वेल बाजूनं फुटतो. एकाचे दोन झाले, दोनाचे चार झाले, आणि त्या साली आबांच्या भिंतीवर इतके भोपळे लागले की भिंत तुमच्याकडं झुकली. पुढच्या सालच्या पावसाळ्यात तुम्ही मारुतीच्या हाती आबांना निरोप धाडलात, की शेंडा मोडायला कवा येताय, वेल थांबलाय.

आणि तो हवालदार. दुसरी लढाई चालू होती. आपल्याकडची भूमिगत पोरं रानोमाळ लपत होती आणि पोलीस घराघरांत शिरून मडकी हुडकत होते, जशी काय पोरं मडक्यात बसतात. तो भर दुपारी तुमच्या परड्यात शिरला. बघतो तर वरनं दोऱ्या लोंबतायत आणि दोऱ्यांना धोंडे. घाबरून मागं सरला, आणि मागं सरायला जागा नव्हती. हे काय टांगलंय, म्हणून ओरडला. तुम्ही शांतपणे सांगितलंत, पडवळ वाकडं वाढतं, टोकाला धोंडा बांधला की सरळ होतं. त्याचा विश्वास बसेना. तुम्ही त्याला पायापासून टोपीपर्यंत न्याहाळलंत आणि म्हणालात, "तुमास्नी बांदू का एक, सायेब?" त्यानंतर तो गल्लीच्या तोंडाशीच शिटी वाजवायचा आणि परत फिरायचा. त्या दुपारी अळूमागं कोण बसलं होतं, ते मी आजही लिहिणार नाही. अळू दाट होतं, एवढंच लिहितो.

आता मुद्द्याला येतो. तुम्ही असता तर म्हणाला असता, लय येळ लावलासा.

हे हस्तलिखित परगावचं कुणी वाचेल, त्याच्यासाठी सांगतो. आमच्याकडं अख्ख्या भोपळ्यावर पहिला घाव बाई घालत नाही. भोपळा म्हणजे घरचा थोरला लेक, असं मानतात. गड्यानं एकदा फोडून दिला की मग बाईनं खुशाल त्याच्या हजार फोडी कराव्यात. त्या हजारांचं काही वाटत नाही. लढाईच्या वर्षांत गल्लीतले निम्मे गडी पलटणीत होते. तुमचा मारुती ब्रह्मदेशाकडं गेला होता. उरलेल्यांत विळ्याकोयत्याची सवय असलेला मी. म्हणून भोपळा फोडायचा मान माझ्याकडं आला आणि मी तो सुभेदाराच्या थाटात मिरवला. फेटा बांधून, मिशीला पीळ देऊन यायचो. तुम्ही म्हणायचात, "आलं, वाजंत्री हुती कुटं?" पहिली फोड माझी आणि भाजलेल्या बिया माझ्या, असा आपला ठराव होता.

त्या मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथाच्या जत्रेला मी गाड्या जुंपून म्हसवडला गेलो. गल्लीतले होते नव्हते ते गडी आणि गड्यांची पोरं माझ्याबरोबर. इकडं रेशनच्या दुकानात ज्वारी आलीच नाही. ज्यांची माणसं पलटणीत, त्या बायका तुमच्या चुलीपाशी एकत्र रांधत होत्या. त्या सगळ्यांची मडकी रिकामी झाली. लेकी आणि तान्ही पोरं रडायला लागली. परड्यातलं हिरवं सगळं खाऊन झालं होतं. उरला होता शिंक्यातला एक भोपळा. आणि गल्लीत पुरुष म्हणावा असा एकच माणूस: आबा.

मी तिथं नव्हतो. पण परड्यात असलेल्या प्रत्येक बाईला मी विचारलंय आणि सगळ्या एकच सांगतात, जे आपल्या गल्लीत दुसऱ्या कुठल्याही बाबतीत घडलेलं नाही. एक म्हातारी आबांकडं गेली. आबा ओसरीवर बसून होते. म्हणाले, फोडतो की, माझी काय ना आहे? फक्त अन्सूनं स्वतः माझ्या दारात येऊन म्हणायचं, आबा, तेवढा भोपळा फोडा; आणि भिंतीवरचा मांडव काढून घ्यायचा.

म्हातारीनं तुम्हाला निरोप दिला. तुम्ही शिंक्याची गाठ सोडलीत, भोपळा पायांत धरलात, डाव्या हातात कोयता घेतलात, आणि बायका नको नको म्हणत डोळे मिटेपर्यंत तो दोन होऊन पडला होता. त्या दिवशी गल्ली जेवली. आबांच्या ओसरीपर्यंत फोडणीचा वास गेला असणार. मला त्याचा आजही आनंद आहे.

मी म्हसवडहून परतल्यावर थोड्याच दिवसांत कुंडल गावचा एक शिपाई रजेवर आला. मारुतीच्याच कंपनीतला. त्यानं सांगितलं, नदी ओलांडताना मारुती दिसेनासा झाला, पुढं सापडला नाही. मग सरकारातूनही तेच आलं. बेपत्ता.

आबा चावडीवर म्हणाले, भोपळा फोडला तेव्हाच पोरगं गेलं. कुणी त्यांना अडवलं नाही. ज्या बायकांच्या लेकरांनी ती भाजी खाल्ली होती, त्याही पदर तोंडाला लावून खाली बघत होत्या. मग मी उठलो. वैनी, आयुष्यात मी पुष्कळ सोडल्या, पण इतकी निगुतीनं बांधलेली दुसरी नाही. मी सांगितलं, भोपळा मी फोडला. रथाच्या गर्दीत सिद्धनाथानं माझ्या कानात सांगितलं की घरी पोरं उपाशी आहेत. मी एका ओळखीच्या घोडीवर बसलो, ओढे ओलांडले, आलो, फोडला, परत गेलो, तरी रथ अजून त्याच वळणावर होता. आणि गंमत बघा, लोक मानायला तयार होते! माना हलायला लागल्या होत्या. त्या बायकासुद्धा हो हो म्हणू लागल्या, आम्ही बघितलं की, नाना आले होते. आबांचाही चेहरा पडला होता. अजून दोन वाक्यं मिळती तर मी घोडीचं नावही सांगितलं असतं.

तेवढ्यात तुम्ही आलात. डोळे सुजलेले होते. चावडीच्या पायरीशी उभ्या राहिलात आणि डावा हात वर केलात.

"भावजी खोटं बोलत्यात. भोपळा म्या फोडला, ह्या हातानं. पोरं उपाशी हुती. पुन्यांदा उपाशी ऱ्हायली तर पुन्यांदा फोडीन."

आणि परत गेलात. तुमच्या वेलाचा शेंडा आबांनी मोडला होता. माझ्या थापेचा तुम्ही मोडलात, भर चावडीत.

मी तणतणत तुमच्या भिंतीपाशी आलो. आपलं पहिलं भांडण तिथं झालं. मी म्हटलं, वैनी, मी तुम्हाला वाचवत होतो. तुम्ही डब्यात पाणी ओतत होता, मागं वळलाही नाहीत. "कशापासनं वाचवत हुतासा? म्या काय चोरी केली?" मी म्हटलं, लोक बोलतात. तुम्ही म्हणालात, "लोक बोलत्यात त्ये कळतंय. पर तुमीबी त्येंच्याच बाजूनं बोललासा, भावजी. बाईनं फोडला तर वंगाळ, असंच की न्हाई तुमचं म्हननं?"

मी म्हटलं, असं नव्हे.  आजही मला वाटतं, मी बरोबर होतो. बुडत्याला दोर टाकताना दोर कशाचा वळलाय ते कुणी बघत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा थाप मारीन, घोडी आणखी पळवीन. तुमचं म्हणणं वेगळं होतं. ते भांडण आपण मिटवलं नाही आणि आता मी एकट्यानं मिटवणार नाही.

त्यानंतर गल्लीतल्या कुणी तुमच्या मांडवाचं काही घेतलं नाही. फुकट दिलं तरी दारात ठेवून जायचे. तुम्ही पाटी भरलीत, डोक्यावर घेतलीत आणि रेल्वेनं सांगली गाठलीत. मी एकदा बरोबर आलो होतो. एक जैन व्यापारी, धोतर परीटघडीचं, पाटीपाशी थांबून विचारायला लागला की बाई, यात जमिनीखालचं काही नाही ना, कांदा, बटाटा, रताळं? तुम्ही म्हणालात, "जमीनच न्हाई मला, दादा. खालचं कुटनं आनू?" तो माणूस इतका खूश झाला की दर बाजारी पाटी त्याच्याच घरी जायला लागली. वर वाढलेल्या भाजीची अशी चव, म्हणायचा, की पाय जमिनीवर ठरत नाहीत. हे शेवटचं तो म्हणाला नाही, मी म्हणतोय. मास्तर, चालू द्या.

त्या सगळ्या काळात तुम्ही प्रत्येक भोपळा स्वतः फोडलात, आणि दार उघडं ठेवून फोडलात. भिंतीवरून मी बघत होतो. एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, ती लिहितो. कोयता उचलण्याआधी तुम्ही उजवा तळहात भोपळ्यावर ठेवायचात. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, अगदी क्षणभर. मग उचलायचात आणि घाव घालायचात. तुम्हाला भीती वाटत नव्हती असं गल्लीला वाटतं. तुम्ही दगड होता असंही काही जणी म्हणतात. वैनी, मी तो हात बघितलाय.

लढाई संपली. आणि एका दुपारी मारुती स्टेशनावरून चालत आला. लंगडत, हाडांचा सापळा होऊन, दाढी वाढवून. नदीनं त्याला खाली कुठं तरी नेऊन टाकलं होतं आणि रानातल्या लोकांनी जगवलं होतं. मी सगळ्यात आधी बघितलं आणि अशी आरोळी ठोकली की कुंडलात बैल उधळले. तुम्ही मांडवाखालीच बसून राहिलात. मारुती वाकून आत आला, तेव्हा तुम्ही आधी त्याचं मनगट चाचपलंत, मग कोपर, मग खांदा, वेल कुठं मोडलाय का ते बघावं तसं.

आणि मग गल्लीनं काय केलं? गल्ली म्हणाली, बघा, नानाच खरं बोलत होता. भोपळा नानानं फोडला, म्हणून तर पोरगं आलं. दुःखाच्या भरात अन्सूच काही तरी बरळली होती. ज्या बायका परड्यात होत्या, त्यांनाही आता मी घोडीवरून उतरताना दिसायला लागलो. आबांनी चावडीवर माझ्या गळ्यात हार घातला. नानाच्या हाताला यश आहे, म्हणाले.

मी तो हार काढून हातात धरला आणि खरं सांगितलं. देवाशपथ सांगितलं. भोपळा वैनींनी फोडला, मी म्हसवडला जिलेबी खात होतो. लोक हसले. माझी पाठ थोपटली. नाना, तुझं मन मोठं, म्हणाले. आयुष्यभर मी सांगितलेली एकूण एक थाप या लोकांनी गिळली, आणि एकदा खरं सांगितलं तर ती थाप ठरली! त्या दिवशी मला घरी येऊन भाकरी गोड लागली नाही. म्हणजे दोनच खाल्ल्या.

मारुती मुळात घुमा. त्याला या वादाचं काही नव्हतं. तो म्हणाला, आई, कुणी का फोडंना, मी आलो न्हवं?

तुम्ही घेवड्याच्या शेंगा मोडत होता. म्हणालात, "तू आलास रं. पर म्या कुटं गेले?"

त्याला ते तेव्हा कळलं की नाही, मला ठाऊक नाही. 

पुढं त्याचं लग्न झालं, शालन घरात आली, देश आपला झाला, शाळेपुढं झेंड्याचा खांब उभा राहिला आणि तुमच्या घेवड्यानं आठ दिवसांत तो गाठला. पण भोपळ्याचा वाद आपल्यात चालूच होता. मी भिंतीवरून म्हणायचो, वैनी, आता सोडा. तुम्ही म्हणायचात, "तुमच्या थापंनं माजा भोपळा खाल्ला, भावजी. त्यो वकून काडा." तुम्ही शेवटच्या तापात होता तेव्हा मी उशाशी येऊन बसलो. तुम्ही आधी मला ओसरीकडचा वेल सैल झालाय म्हणून बोललात. मी जाऊन बांधून आलो. मग म्हणालात, "त्ये भोपळ्याचं आपलं ऱ्हायलंच." मी म्हटलं, राहू दे की. तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे म्हनलं म्हंजी ऱ्हातंय व्हय?"

राहिलं नाही, वैनी. काल काय झालं ते ऐका.

तेराव्याला भोपळ्याची भाजी हवीच. तुमच्या हातचा शेवटचा भोपळा शिंक्यात होता. आबांनी तो स्वतः उतरवून आणला. मांडवाखाली सगळी गल्ली बसली होती. आबांनी भोपळा माझ्यापुढं ठेवला, शेजारी कोयता ठेवला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की नाना, तुमचाच हात लागू दे, तुमच्या हातानं या घराचा लेक परत आलाय; आणि हे उरकलं की मांडवाचंही बघू, भिंतीला ओल लागली आहे.

मी फेटा बांधून आलो होतो. मिशीला पीळही होता. मी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यावर बसलो. म्हटलं, मी कधीच फोडला नाही तो, आणि हाही फोडणार नाही. आबा हसले. लोकही हसले. नाना पुन्हा मोठ्या मनाचे झाले.

तेव्हा शालन उठली. तिला दिवस गेलेत, हे साऱ्या गल्लीला माहीत आहे. ती आली, भोपळ्यापाशी बसली, आणि हसणं थांबलं. आबा म्हणाले, अगं पोटुशी तू, पहिलटकरीण, कळतं का काय करतेस ते? एका म्हातारीनं तिचा दंड धरला. शालननं मारुतीकडं बघितलं. मारुती भिंतीला टेकून उभा होता, लंगडा पाय पुढं टाकून. वैनी, तुमच्या घुम्या पोरानं अख्ख्या गल्लीसमोर तोंड उघडलं.

"आबा, माज्या आईनं फोडला हुता. आन् म्या हितं उबा हाय." मग शालनला म्हणाला, "फोड गं."

म्हातारीनं दंड सोडला. शालननं कोयता उचलला, पुन्हा खाली ठेवला, आणि मला विचारलं, "नानामामा, आत्याबाई कुटल्या हातानं फोडायच्या?"

मी म्हटलं, डाव्या. पण तू उजव्यानं फोड, पोरी, भाजी तीच होते.

तिनं आधी डावा तळहात भोपळ्यावर ठेवला. हे तिला मी सांगितलं नव्हतं. तुम्ही कधी सांगितलं असेल तर तुम्हाला ठाऊक. मग उजव्या हातानं एकच घाव घातला. आत असा केशरी निघाला की मांडवाखाली उजेड पडला. कुणी डोळे मिटले नव्हते.

भाजी सगळ्यांनी खाल्ली. आबांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली. मी बघितलं आणि इथं लिहून ठेवतोय. बिया शालननं धुऊन सुपात वाळत टाकल्या. परड्यातल्या त्या जुन्या बायकांपैकी तिघी-चौघी निघताना सुपापाशी रेंगाळल्या आणि मूठ मिटून बाहेर पडल्या. त्यांनाही आता आठवायला लागलंय म्हणे, की नानाची घोडी काही दिसली नव्हती.

आज सकाळी मी आणि मारुतीनं मांडव पुन्हा ताणून बांधला, आबांच्या भिंतीवरून पार पलीकडच्या छपरापर्यंत. आबा काठी घेऊन ओसरीवर आले, बघत उभे राहिले आणि आत गेले. बांधता बांधता दादाच्या पायपट्ट्या संपल्या. मी माझा फेटा फाडला. तो भोपळे फोडायला बांधायचो तोच. आता त्याचं दुसरं काम उरलं नाही.

तर वैनी, भोपळा तुम्हीच फोडला. शाईनं लिहिलंय, मास्तरांनी वाचलंय, आता ते कुणाच्या बापाला खोडता यायचं नाही. फक्त तो केवढा होता, दोन बैल लागले की चार, उतरवताना घराचं आढं कसं वर उचललं गेलं, ते मी सांगेन. तेवढं माझ्याकडं राहू द्या.